मोटारीच्या एंजिनातील दातेरी पट्टा

मोटारीचे बॉनेट उघडून आत पाहिले असता बीड, पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम यांचेच राज्य नजरेस पडते. तथापि गेल्या साठ वर्षांत तयार झालेल्या कोट्यवधी एंजिनांत या धातूच्या भागांचा परस्परांशी मेळ राखण्याचे काम एका रबरी पट्ट्याकडे सोपविलेले आहे. हा पट्टा सुमारे इंचभर रुंद असतो. त्याच्या आतल्या बाजूस दाते असतात आणि एंजिनाच्या एका टोकाशी प्लास्टिकच्या आवरणाखाली तो झाकलेला असतो. कारागीर त्यास टायमिंग बेल्ट म्हणतात. बहुतेक मोटारमालकांनी तो कधी पाहिलेला नसतो, आणि तो शाबूत आहे तोवर पाहण्याचे कारणही पडत नाही. मात्र तो चालत्या गाडीत तुटला, तर पुरते सेकंदही उलटण्यापूर्वी एंजिनाची अशी मोडतोड होऊ शकते, की दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागावा.

हा अपघात बहुधा टाळता येण्याजोगा असतो. तो टाळण्याची रीत मात्र आपल्याकडील सर्वसामान्य सवयीच्या उलट आहे. वस्तू कुरकुरू लागली म्हणजे तिच्याकडे लक्ष द्यावयाचे, ही ती सवय. पट्टा कुरकुरत नाही. असे का, हे समजण्यासाठी एंजिनाच्या आत काय चालते ते प्रथम पाहणे इष्ट होईल.

दट्ट्या आणि झडपा

जर्मनीतील निकोलाउस ओटो याने 1876 साली चार धावांचे एंजिन चालवून दाखविले. आजच्या पेट्रोल, डिझेल व गॅसवर चालणाऱ्या मोटारी त्याच चार धावांवर चालतात. सिलिंडरात दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, खालीवर सरकत असतो. पहिल्या धावेत तो खाली उतरतो व उघड्या झडपेतून हवा आत ओढून घेतो. दुसऱ्या धावेत वर येऊन ती दाबतो. तिसरीत पेटलेल्या वायूंच्या जोराने तो खाली ढकलला जातो आणि चौथीत पुन्हा वर येताना जळके वायू दुसऱ्या झडपेतून बाहेर लोटतो. या चार धावा पुऱ्या होईतो खालचा क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो. प्रत्येक झडप मात्र तेवढ्या अवधीत एकदाच उघडावयाची असते. म्हणून झडपा उघडणारा कॅमशाफ्ट हा क्रँकशाफ्टच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरावा लागतो. येथे ‘सुमारे निम्मा’ चालत नाही. हजारात एका फेऱ्याचा जरी फरक पडला, तरी वीस-पंचवीस सेकंदांत झडपा भलत्याच वेळी उघडू लागतील.

या हालचालींचा वेग ध्यानात घेण्यासारखा आहे. एंजिन मिनिटास 3,000 फेरे घेत असेल, तर क्रँकशाफ्ट सेकंदाला 50 वेळा फिरतो आणि प्रत्येक झडप सेकंदाला 25 वेळा उघडून मिटते. दट्ट्याची धाव 75 मिलिमीटर धरली, तर त्याचा सरासरी वेग ताशी 27 किलोमीटर भरतो. हा वेग काही विशेष नव्हे. पण या वेगाने जाणारा धातूचा गोळा सेकंदातून शंभर वेळा थांबतो आणि उलटा फिरतो. झडप उघडते तेव्हा ती सिलिंडराच्या पोकळीत सुमारे 8 ते 10 मिलिमीटर खाली उतरते. म्हणजे जी जागा दट्ट्याला वर येण्यासाठी लागते, तीच जागा झडपेलाही हवी असते. दोघे एकमेकांना टाळतात ते केवळ वेळापत्रकामुळे.

जुन्या अ‍ॅम्बॅसडर किंवा मुंबईच्या रस्त्यांवर 2023 सालापर्यंत टॅक्सी म्हणून धावलेल्या प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत कॅमशाफ्ट खाली, क्रँकशाफ्टच्या शेजारीच असे. दोहोंना जोडण्यास आखूड पोलादी साखळी पुरे होई, आणि तेथून लांब दांड्यांच्या साहाय्याने वरच्या झडपा ढकलल्या जात. पुढे अधिक वेगाने फिरणारी एंजिने हवीशी झाली. त्या वेगाला लांब दांड्या जड पडू लागल्या, म्हणून कॅमशाफ्ट उचलून थेट झडपांच्या डोक्यावर नेण्यात आला. त्याबरोबर दोन शाफ्टांमधील अंतर वाढून फूट-दीड फुटावर गेले. एवढी लांब साखळी वजनदार होते, खळखळते, तिला सतत तेल द्यावे लागते. तिची जागा घेणारे साधन वेगळ्याच धंद्यातून आले.

शिवणयंत्रातून मोटारीत

शिवणयंत्रात वरची सुई आणि खालची बॉबिनची आकडी यांचा मेळ तंतोतंत असावा लागतो. सुई खाली जाऊन दोऱ्याचा फास तयार होताच आकडीने तो उचलला पाहिजे. क्षणाचा फरक पडला तर टाका सुटतो, अधिक पडला तर सुई आकडीवर आपटून मोडते. साधा सपाट पट्टा कप्पीवरून थोडाथोडा घसरतो, म्हणून तो या कामी निरुपयोगी ठरतो. अमेरिकेत एल. एच. गिल्मर या पट्टे बनविणाऱ्या कंपनीतील रिचर्ड केस याने 1940 नंतरच्या दशकात या अडचणीवर तोड काढली. त्याने पट्ट्याला दाते दिले आणि त्या दात्यांशी जुळतील अशा खाचा कप्पीवर पाडल्या. पट्टा घसरण्याचा प्रश्नच उरला नाही. सुई आणि आकडी यांची जागा पुढे झडप आणि दट्ट्या यांनी घेतली, एवढाच काय तो फरक.

मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या मोटारीत असा पट्टा प्रथम बसविण्याचा मान जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील ग्लास या कारखान्याकडे जातो. हा कारखाना मूळचा शेतीची अवजारे बनविणारा; नंतर तो स्कूटर व लहान मोटारींकडे वळला. 1962 साली विक्रीस आलेल्या त्याच्या ‘1004’ या गाडीच्या एंजिनात कॅमशाफ्ट दातेरी पट्ट्याने फिरे. मोठमोठ्या कारखान्यांनी जे धाडस केले नव्हते, ते डिंगोल्फिंगच्या या लहान कारखान्याने केले. तरी व्यवहारात तो टिकला नाही, आणि 1966 साली बीएमडब्ल्यूने तो विकत घेतला. त्याच सुमारास इटलीत फियाटने आणि अमेरिकेत पाँटियाकने आपल्या एंजिनांत पट्टा वापरला, आणि मग तो सर्वत्र रूढ झाला. भारतात डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली. तिच्या 796 घनसेंटिमीटरच्या तीन सिलिंडरी एंजिनात टायमिंग बेल्टच होता. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दारी हा पट्टा प्रथम पोचला तो बहुधा या गाडीतून.

पट्ट्याची घडण आणि त्याचे म्हातारपण

पट्टा रबरी म्हटला जातो, पण ओढ सोसतात त्या त्याच्या पोटातील काचतंतूंच्या दोऱ्या. काच ताणली असता लांबत नाही, आणि लांबी न वाढणे हेच येथे सर्वांत महत्त्वाचे. काचेचा दुसरा गुणधर्म मात्र तितकासा सोयीचा नाही. मोठ्या गोलाईवर ती सुखाने वाकते, पण चिमटीत धरून घडी घातली तर तिचे तंतू तुटतात. नवा पट्टा खोक्यातून काढताना कोणी तो चेपला, उलटा केला किंवा पिळून पाहिला, तर बाहेरून काहीच न दिसता तो आतून जायबंदी होतो. दोऱ्यांभोवती रबर असते. पूर्वी ते निओप्रीन या कृत्रिम रबराचे असे, आता बहुधा उष्णता अधिक सोसणारे हायड्रोजनयुक्त नायट्राइल रबर वापरतात. दात्यांच्या अंगावर झीज रोखण्यासाठी नायलॉनचे कापड चढविलेले असते.

या पट्ट्यावर किती श्रम पडतात, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. साधारण मोटारीचे एंजिन एक किलोमीटर अंतरात सुमारे 2,500 फेरे घेते असे धरू. 1 लाख किलोमीटरमध्ये ते 25 कोटी फेरे होतात. क्रँकशाफ्टच्या चाकाला 20 दाते आणि पट्ट्याला 100 दाते असतील, तर पाच फेऱ्यांत पट्टा एक प्रदक्षिणा पुरी करतो. म्हणजे पट्ट्याचा प्रत्येक दाता त्या लहान चाकाच्या खाचेत 5 कोटी वेळा शिरतो, ओढ घेतो, वाकतो आणि सुटतो. झडपांच्या स्प्रिंगा कॅमशाफ्टला कधी अडवितात, कधी पुढे ढकलतात. त्यामुळे ही ओढही एकसारखी नसून झटक्याझटक्याने येते. अशा स्थितीत पट्टा पुष्कळ वर्षे टिकतो, हे खरे तर रसायनशास्त्रज्ञांना भूषणावह आहे.

तथापि रबर म्हातारे होते. उष्णता आणि हवेतील प्राणवायू यांच्यामुळे त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींशी अधिकाधिक बांधल्या जातात, लवचीकपणा जातो आणि ते कडक व ठिसूळ बनते. रासायनिक क्रियांचा वेग तापमान 10 अंशांनी वाढले की ढोबळ मानाने दुप्पट होतो. हा नियम स्थूल असला, तरी गरम प्रदेशात व बंद आवरणाखाली पट्टा लवकर का पिकतो, हे त्यावरून उमगते. दुसरा शत्रू म्हणजे एंजिनाचे तेल. कॅमशाफ्टच्या किंवा क्रँकशाफ्टच्या टोकाचे सील गळू लागले की तेल पट्ट्यावर उतरते. कोरडा चालण्यासाठी बनविलेला पट्टा तेलाने फुगतो, मऊ पडतो आणि त्याचे दाते सुटू लागतात. धूळ आत शिरली तर ती दात्यांवरील कापड कानशीसारखी घासते.

येथेच साखळी आणि पट्टा यांतील खरा भेद लक्षात येतो. साखळी झिजते तेव्हा तिच्या कड्यांतील खिळे पातळ होऊन ती सैल पडते आणि सकाळी थंड एंजिन सुरू करताना खळखळू लागते. गाडीच्या मालकाला ते ऐकू येते. पट्टा आणला तो तर आवाज नको म्हणून! अखेरच्या दिवसापर्यंत तो आपला हा गुण सोडत नाही. गाडीचा वेग, ओढ, इंधनाचा खर्च यांपैकी कशातही फरक पडत नाही, आणि एका सकाळी दोरी तुटते किंवा लागोपाठ चार-पाच दाते झडतात.

येथे एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. बॉनेट उघडताच दिसणारा, जनित्र आणि वातानुकूलन यंत्र फिरविणारा पट्टा हा निराळा. त्याला सामान्यतः फॅन बेल्ट म्हणतात. तो किंचाळतो, त्याच्या भेगा दिसतात आणि तो तुटला तर बॅटरीचा दिवा लागून गाडी थांबवावी लागते, पण त्यामुळे झडपांना धक्का पोचत नाही. “बेल्ट मागच्याच वर्षी बदलला” असे पुष्कळ मालक सांगतात, तेव्हा त्यांच्या मनात हाच पट्टा असतो. पावतीवर कोणत्या पट्ट्याचे नाव आहे, ते वाचून पाहावे.

तुटल्यानंतरचा एक सेकंद

पट्टा तुटताच झडपांच्या स्प्रिंगांच्या दाबाखाली कॅमशाफ्ट जवळजवळ तत्काळ थांबतो. चार सिलिंडरी एंजिनात तो कोठेही थांबला, तरी काही झडपा उघड्याच राहतात. क्रँकशाफ्ट मात्र थांबत नाही. त्याला जोडलेले जड चक्र फिरत असते आणि गाडी गिअरमध्ये असेल तर हजार किलोची धावती मोटार चाकांकरवी त्याला फिरवीत असते. ताशी 60 किलोमीटरच्या वेगाने मिनिटास 2,500 फेरे धरले, तर प्रत्येक दट्ट्या सेकंदात चाळीसएक वेळा वर येतो. उघड्या राहिलेल्या झडपेवर त्यातील पहिला आघात बसला, की तिची दांडी वाकते. पुढच्या आघातांत दट्ट्याच्या माथ्यावर खड्डे पडतात, झडपेची मार्गनळी फुटते, आणि झडपेचे डोके तुटून आत पडले तर सिलिंडरच निकामी होतो.

दट्ट्या आणि झडप यांना एवढ्या जवळ आणावेच कशाला, असा प्रश्न चिकित्सक वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर इंधनाच्या बचतीत आहे. हवा जितकी अधिक दाबावी तितके इंधनातून अधिक काम मिळते. 1,200 घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरी पेट्रोल एंजिनात एका सिलिंडराच्या वाट्यास 300 घनसेंटिमीटर येतात. दाबाचे प्रमाण 10 ठेवावयाचे, तर दट्ट्या अगदी वर आल्यावर त्याच्या डोक्यावर जेमतेम 33 घनसेंटिमीटर जागा उरते, म्हणजे पोह्याच्या सहा-सात चमच्यांत मावेल इतकी. डिझेल एंजिनात हे प्रमाण 17 च्या आसपास असते आणि तेथे 19 घनसेंटिमीटरच उरतात. इतक्या अडचणीच्या जागेत उघडी झडप आणि वर आलेला दट्ट्या एकाच वेळी मावणे अशक्य होते. काही जुन्या पेट्रोल एंजिनांत दट्ट्यांच्या माथ्यांवर पुरेशा खाचा ठेवल्या असल्याने पट्टा तुटला तरी गाडी नुसती बंद पडे. नवा पट्टा घातला की ती पुन्हा चाले. डिझेल एंजिनाच्या बाबतीत अशी आशा जवळजवळ ठेवूच नये.

नुकसान एंजिनापुरतेच राहते असेही नाही. एंजिन बंद पडताच सुकाणू जड होते. ब्रेकला मिळणारे निर्वात पोकळीचे साहाय्य एक-दोन वेळा पाय दाबण्यापुरतेच उरते. अशा वेळी चालकाने क्लच दाबावा, म्हणजे चाकांनी एंजिनाला फिरविणे थांबते; किल्ली फिरवून सुकाणू कुलूपबंद होऊ देऊ नये; ब्रेक पुनःपुन्हा न मारता एकदाच घट्ट दाबून धरावा आणि गाडी डाव्या कडेस घ्यावी. त्यानंतरचा मोह अधिक घातक असतो. स्टार्टर मारला तर एंजिन नेहमीपेक्षा हलके व भरभर फिरल्याचा आवाज येतो, कारण हवा दाबलीच जात नसते. हा आवाज ओळखून तेथेच हात आवरावा. चार माणसे गोळा करून गाडीला धक्का मारणे हा आपल्या रस्त्यांवरील सर्वमान्य उपचार येथे अपायकारक आहे. पहिल्या तडाख्यातून वाचलेल्या झडपाही त्याने वाकतात.

दिवस आणि किलोमीटर

पट्टा स्वतः काही सांगत नसल्याने त्याच्या वतीने कारखान्याने सांगितलेली मुदत मानणे भाग आहे. ही मुदत एंजिनागणिक बदलते. काही ठिकाणी ती 60,000 किलोमीटर, काही ठिकाणी 1 लाख, तर काही नव्या एंजिनांत दीड लाखाच्याही पुढे असते. तिच्याबरोबर वर्षांचीही अट असते आणि दोहोंपैकी जे आधी भरेल ते मानावयाचे असते. वर्षांची अट लोक विसरतात. निवृत्त गृहस्थाची गाडी आठ वर्षांत 25,000 किलोमीटर चालली, म्हणून तिचा पट्टा तरुण ठरत नाही. आवरणाखालच्या हवेने त्याचे रबर आठही वर्षे पिकविलेले असते. कमी चाललेली जुनी गाडी म्हणजे उत्तम गाडी हा बाजारातील समज पट्ट्याच्या बाबतीत तरी फसवा आहे.

किलोमीटरचा आकडाही शहरात पुरेसा बोलका नसतो. महामार्गावर ताशी सरासरी 60 किलोमीटरने चालणारी गाडी 1 लाख किलोमीटर सुमारे 1,670 तासांत तोडते. गर्दीच्या शहरात सरासरी 15 किलोमीटरने सरकणाऱ्या टॅक्सीला त्याच अंतरासाठी 6,670 तास लागतात. एंजिन चौपट वेळ तापत व फिरत राहिले, मीटरवर मात्र आकडा तोच. बहुतेक कारखाने म्हणूनच धूळ, कडक ऊन आणि रखडती रहदारी यांना ‘कठीण परिस्थिती’ म्हणतात आणि तिच्यासाठी मुदत कमी करून देतात. भारतातील बहुसंख्य गाड्या याच वर्गात मोडतात, हे माहितीपुस्तिका वाचणाऱ्याच्या सहज ध्यानात येईल.

आवरण काढून पट्टा पाहण्याचा उपयोग नाही असे नव्हे. तेलाने भिजलेला, कडा उसवलेल्या, पाठीवर काचेसारखी चकाकी आलेला किंवा दात्यांच्या मुळाशी भेगा पडलेला पट्टा दिसला, तर मुदतीची वाट न पाहता तो काढावा. परंतु वरून निर्दोष दिसणारा पट्टा चांगलाच असेल अशी खात्री देता येत नाही. निओप्रीनच्या पट्ट्यांना भेगा लवकर दिसत. नव्या रबराचे पट्टे अखेरपर्यंत तुकतुकीत राहू शकतात आणि आतील काचेची दोरी तर कोणालाच दिसत नाही.

बदलण्याच्या कामात काटकसर बहुधा चुकीच्या जागी होते. पट्ट्याला योग्य ताण देणारा टेन्शनर आणि त्याला वळण देणाऱ्या कप्प्या यांची बेअरिंगे पट्ट्याइतकीच चाललेली असतात. अनेक एंजिनांत पाण्याचा पंपही हाच पट्टा फिरवितो. यांपैकी एखादे बेअरिंग अडकले, तर कालच घातलेला नवा पट्टाही तुटेल. पंपातून कूलंट गळू लागले तर ते पट्ट्यावरच सांडते. मजुरीचा मोठा भाग आवरणे व आधार काढून आत पोचण्यासाठीच खर्च होत असल्याने, हे सर्व भाग एका वेळी बदलणे शेवटी स्वस्त पडते. अनेक उत्पादक ते एकाच संचात विकतात.

जाणता कारागीर क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांवरील खुणा जुळवून, जेथे सोय असेल तेथे खिळे घालून, दोन्ही जागच्या जागी अडकवितो आणि मगच जुना पट्टा काढतो. नवा चढविल्यावर ताण ठरल्याप्रमाणे बसवितो. ताण कमी पडला तर पट्टा एखादा दाता ओलांडतो, अधिक झाला तर बेअरिंगे लवकर जातात. यानंतर तो पान्याने क्रँकशाफ्ट हातानेच सावकाश दोन पुरे फेरे फिरवितो आणि खुणा पुन्हा पाहतो. दोन फेरे अशासाठी, की तेवढ्यात कॅमशाफ्टचा एक फेरा होऊन प्रत्येक झडप एकदा उघडून मिटते. चूक झाली असेल तर ती येथे हाताला अडथळा म्हणून जाणवते. ही पाच मिनिटे न देता थेट किल्ली फिरविणारा मनुष्य कारागीर या नावास पात्र नाही.

तेलात चालणारे पट्टे

अलीकडे पट्ट्याचा आणखी एक प्रकार आला. साखळीप्रमाणे एंजिनाच्या आत, तेलात भिजून चालणारे पट्टे काही कारखान्यांनी वापरले. घर्षण कमी व्हावे आणि एंजिन आटोपशीर व्हावे हा उद्देश होता. फोर्डचे 2012 साली आलेले एक लिटरचे इकोबूस्ट एंजिन आणि फ्रान्समधील प्यूजो-सित्रोएनचे 1.2 लिटरचे प्युअरटेक एंजिन ही यांची प्रसिद्ध उदाहरणे होत. रबर तेल सोसणारे होते खरे. परंतु थंड एंजिनाच्या वारंवार छोट्या फेऱ्यांत थोडे पेट्रोल तेलात उतरते, आणि अशा मिश्रणात किंवा भलत्या प्रतीच्या तेलात पट्ट्याचे कण सुटू लागतात. हे कण तेलपंपाच्या जाळीत अडकले, की तेलाचा दाब पडतो आणि पट्टा न तुटताच एंजिन जाते. प्युअरटेकच्या मालकांकडून तक्रारी वाढल्यावर 2024 साली स्टेलांटिस कंपनीने युरोपात या एंजिनांसाठी 10 वर्षे किंवा 1,75,000 किलोमीटरपर्यंत हमी वाढवून दिली. डिसेंबर 2023 मध्ये फोर्डने अमेरिकेत सुमारे 1 लाख 40 हजार गाड्या परत बोलाविल्या. तेथे दोष टायमिंग बेल्टचा नसून त्याच एक लिटरच्या एंजिनात तेलपंप फिरविणाऱ्या दुसऱ्या लहान पट्ट्याचा व त्याच्या टेन्शनरचा होता. त्यांतील इकोस्पोर्ट ही मोटार चेन्नईजवळच्या कारखान्यात तयार होऊन अमेरिकेस जात असे. अशा एंजिनांच्या मालकाने पट्ट्याच्या मुदतीइतकीच तेलाची प्रत आणि ते बदलण्याची तारीखही सांभाळावी लागते.

भारतातील पुष्कळ नव्या पेट्रोल एंजिनांत साखळी पुन्हा आली आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारीत झडपाच नसल्याने पट्ट्याचे किंवा साखळीचे हे काम उरतच नाही. परंतु पट्टे असलेल्या लक्षावधी गाड्या अद्याप रस्त्यांवर आहेत आणि त्यांपैकी कित्येक आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे पोचल्या आहेत. जुनी गाडी घेणाऱ्याने प्रथम तिच्या एंजिनात पट्टा आहे की साखळी, हे माहितीपुस्तिकेत पाहावे. पट्टा असेल आणि तो बदलल्याची पावती मिळत नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे आणि ती रक्कम गाडीच्या किमतीतच मोजावी. काही देशांत कारागीर काम संपल्यावर एंजिनाच्या आवरणावर एक चिठ्ठी डकवितात. तिच्यावर तारीख, मीटरवरील आकडा आणि पुढच्या बदलाचे वर्ष एवढेच लिहिलेले असते. गाडी कितीही हातांतून गेली तरी ती चिठ्ठी बॉनेटखाली जागच्या जागी राहते.